पणजोबांच्या पेटीतली मेक्सिकन चांदी : मोडीच्या भावात द्यावी का?

आधी थेट उत्तर: देऊ नका. निदान पाचही नाणी एकत्र तोलून, एकाच भावात तर मुळीच नाही. आता कारणं.

तुम्ही फोटोंबरोबर दिलेली माहिती अशी. पणजोबा बोटीवर खलाशी होते, हाँगकाँग-शांघायच्या फेऱ्या करायचे आणि १९३१ साली कायमचे घरी परतले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत पाच मेक्सिकन नाणी निघाली. पहिलं १८८२ सालचं आठ रेआलचं (रेआल हे जुनं स्पॅनिश चलन, आठ रेआलांचा एक पेसो), एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला किरणांनी वेढलेली टोपी आणि अंगभर चिनी सराफांनी मारलेले बारीक ठोके, वजन २६.७ ग्रॅम. दुसरा १८९८ चा एक पेसो, लखलखीत, २७ ग्रॅम. तिसऱ्यावर राजाचं मुख, साल १७९५, वरच्या कडेला झाळणीचा डाग, २६.४ ग्रॅम. चौथा १९२३ चा पेसो, १६.५ ग्रॅम. पाचव्यावरही राजाचं मुख, साल १७९९, पण वजन फक्त २२.४. सोनाराने पाचही एकदम काट्यावर टाकली आणि म्हणाला, मोडीच्या भावात घेतो. तुम्हाला विचारायचंय की यांची खरी किंमत काय, आणि नाद लागलाच तर पुढे काय जमवावं.

चांदीपासून सुरुवात करू, कारण त्याखाली कोणतंच खरं नाणं जात नाही. पण तिथेच सोनाराचा पहिला घोळ आहे: पाचही नाण्यांचा टंच, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती ते प्रमाण, एक नाही. १८८२ आणि १८९८ ची नाणी ९०.२७ टंचाची. १७९५ चं ८९.६. १९२३ चा पेसो ७२ टंचाचा. पाचवं चांदीचंच नसावं, त्याकडे नंतर येतो. वजनाला टंचाने गुणलं की शुद्ध चांदी अनुक्रमे २४.१०, २४.३७, २३.६५ आणि ११.८८ ग्रॅम भरते. चौघांची मिळून ८४ ग्रॅम. हिशेबाला सोपा म्हणून भाव किलोला एक लाख धरा. म्हणजे ८,४०० रुपये. त्या दिवशीचा खरा भाव घाला आणि आकडा काढा. हा तुमचा तळ. सोनार यातून घट कापणार, आणि सरसकट एकच टंच धरायचा तर तो कधीही वरचा धरत नाही.

तळाच्या वर किती जायचं, हा खरा प्रश्न. इथे बहुतेकांची अशी समजूत असते की नाणं जितकं जुनं तितकं महाग. मेक्सिकन चांदीच्या बाबतीत ही समजूत सपशेल पडते. मेक्सिको शहरातली टांकसाळ १५३५ च्या स्पॅनिश राजाज्ञेने उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे नाणी पडू लागली. साकातेकास, ग्वानाहुआतो, पाचुका इथल्या खाणींतली चांदी तिच्या पोटात जात होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही टांकसाळ वर्षाला कोटीच्या वर पेसो पाडत होती. तुमच्या १७९५ च्या नाण्याचे भाऊबंद जगभर पडलेत. सव्वादोनशे वर्षांचं आहे म्हणून ते दुर्मिळ होत नाही. उलट, डोंगराळ भागातल्या एखाद्या छोट्या टांकसाळीत १८४८ साली पडलेलं, दिसायला तुमच्या १८८२ च्या नाण्यासारखंच नाणं त्याच्या कित्येक पट किमतीला जातं. फरक असतो दोन-तीन अक्षरांचा. म्हणून ही नाणी आधी वाचायची असतात, मग तोलायची.

१८८२ च्या नाण्याची टोपीची बाजू समोर धरा. कडेने एक ओळ फिरते. आधी ८ आर म्हणजे आठ रेआल; मग झेड आणि वर लहान एस म्हणजे साकातेकास टांकसाळ; मग साल; मग जे.एस. ही धातू तपासणाऱ्यांची आद्याक्षरं. आणि शेवटी १० डी.एस. २० जी.एस. हे शेवटचं म्हणजे टंच. स्पॅनिश पद्धतीत शुद्ध चांदी बारा दिनेरोंची, आणि एका दिनेरोचे चोवीस ग्रानो. दहा दिनेरो वीस ग्रानो म्हणजे २८८ पैकी २६०, तोच ०.९०२७. कुणी पाडलं, कुठे पाडलं, चांदी किती आणि तिला जबाबदार कोण, हे सगळं त्या नाण्याने स्वतःच्या अंगावर लिहून ठेवलंय. स्पेनच्या राजाने नाण्यावर टंच लिहिला नव्हता. त्यामागे कारणही होतं. १७७२ पर्यंत आठ रेआल ९१.७ टंचाचं होतं. त्या साली राजाचं मुख असलेलं नवं नाणं आलं तेव्हा ते गुपचूप ९०.३ वर आणलं गेलं, आणि १७८६ मध्ये आणखी गुपचूप ८९.६ वर. वजन तेच, रूप तेच, बाजाराला पत्ता नाही. स्वतंत्र मेक्सिकोच्या प्रजासत्ताकाने १८२३ नंतर टंच परत वर नेला आणि नाण्यावर कोरून टाकला. त्यानंतर १८९७ पर्यंत, मधले थोडे अपवाद सोडले तर, ना वजन बदललं ना टंच. देशात बंडं झाली, परकी फौजा आल्या, सरकारं पडली, नाणं २७.०७ ग्रॅमचं ते तेवढंच राहिलं.

पूर्वेकडच्या बाजारात या नाण्याची पत कशामुळे होती, ते यातून कळतं. गरुडाचं नाणं म्हणून चीनच्या बंदरांत ते डोळे मिटून घेतलं जायचं. डोळे मिटून म्हणजे सराफाने एकदा पारखल्यावर. तुमच्या नाण्यावरचे बारीक ठोके त्या सराफांचे आहेत. नाणं हातात आलं, वाजवलं, तोललं, खरं निघालं की आपल्या पेढीची खूण ठोकायची आणि पुढे द्यायचं. आपल्याकडेही मुघल रुपयांवर सराफांचे असे ठसे सर्रास दिसतात, त्यामुळे हे तुम्हाला फार परकं वाटू नये. किती हात लागले त्याचा अंदाज ठोक्यांच्या गर्दीवरून येतो. काही नाणी तर इतकी ठोकून निघालेली असतात की ती वाटीसारखी खोलगट होतात.

रूपाचा भरवसा किती असतो याचा एक मासला मेक्सिकोनेच दिला. १८६९ मध्ये सरकारने दशमान पद्धतीचा नवा पेसो काढला. त्यावर तराजू, तलवार, कायद्याची गुंडाळी. चांदी तंतोतंत पूर्वीइतकीच. पण चिनी सराफांनी ते ओळखीचं नाही म्हणून बट्टा कापायला सुरुवात केली. चार वर्षांत, १८७३ मध्ये, सरकार मुकाट्याने जुन्या टोपी-किरणांच्या आठ रेआलवर परत आलं. त्यामुळे १८६९ ते १८७३ चा तो तराजूवाला पेसो आज संग्राहकांना हवा असतो. कुठे हाती लागला तर सोडू नका.

ठोक्यांनी किंमत वाढते की कमी होते? माझ्या उमेदीच्या काळात असं नाणं ‘खराब’ म्हणून बाजूला टाकलं जायचं. आता ठोकेवाली नाणीच जमवणारे लोक आहेत, आणि दुर्मिळ नाण्यावर स्पष्ट, वाचता येणारा ठोका असला तर ते जादा पैसे देतात. पण साकातेकासचं १८८२ हे साधं साल आहे. तिथे ठोके असल्याने फार चढत नाही, फार उतरतही नाही. चांदीच्या किमतीवर चौथाई ते निम्मं अधिक मिळालं तर सौदा ठीक. चांदीचा भाव भडकलेला असताना हा वरचा भाग आकसतो, कारण साध्या नाण्याचं गिऱ्हाईक वरच्या पैशांचा हात आखडतं. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेली तेव्हा अशी साधी नाणी ढिगाने वितळवली गेली. तुमच्या नाण्याला मात्र एक गोष्ट चिकटलेली आहे: कोणत्या माणसाने, कोणत्या बंदरातून, केव्हाच्या सुमारास आणलं. पणजोबांचं बोटीचं एखादं कागदपत्र, नोकरीची वही, फोटो असेल तर नाण्याबरोबर ठेवा. विकताना त्याची किंमत मिळेलच असं नाही, पण नाणं एकदा पेटीतून सुटं झालं की ही माहिती परत चिकटवता येत नाही.

आता टांकसाळींची अक्षरं, कारण पुढे नाणी जमवायची म्हणता. टोपी-किरणांचं आठ रेआल एकूण चौदा टांकसाळींत पडलं. मेक्सिको शहर म्हणजे एम आणि लहान ओ, साकातेकास झेड-एस, ग्वानाहुआतो जी-ओ, सान लुइस पोतोसी पी-आय. या चौघांची नाणी भरपूर, नवशिक्याने इथूनच सुरू करावं. ग्वादलाहारा, दुरांगो, चिवावा, कुलियाकान यांच्यात काही सालं साधी, काही अवघड. एर्मोसियो, आलामोस, वाहाका दिसली की पुस्तक उघडायचं. आणि तीन अशी की दिसली तर आधी खोटी असेल असंच धरायचं आणि खरी निघाली तर खुर्चीत नीट बसायचं: रेआल दे कातोर्से, जिथे फक्त १८६३ साली नाणी पडली; त्लाल्पानची मेक्सिको राज्याची टांकसाळ, १८२८ ते १८३०; आणि चिवावाच्या डोंगरातली ग्वादालुपे इ काल्वो, १८४४ ते १८५२. तपासनिसांची अक्षरंही सोडू नका. माणूस वर्षाच्या मध्येच बदलला तर एकाच सालाची दोन अक्षरांची नाणी निघतात. साकातेकासला १८८६ मध्ये जे.एस. जाऊन एफ.झेड. आले तसं. काही टांकसाळींत अशा जोडीतलं एक टोपलीभर मिळतं आणि दुसरं वर्षानुवर्षं दिसत नाही.

या नाण्यांची झीज पाहताना एक फसगत होते. गरुडाची छाती आणि टोपीच्या मधला लिबेर्ताद (स्वातंत्र्य) हा शब्द बहुतेकदा मुळातच नीट उठलेला नसतो, कारण दोन्ही बाजूंचा उंच भाग समोरासमोर येतो आणि ठोका कमी पडतो. नवखा माणूस छाती सपाट दिसली की ‘झिजलं’ म्हणतो. नाणं दिव्याखाली तिरकं फिरवा. सपाट भागावरही मूळची झळाळी गोल फिरत असेल तर ते झिजलेलं नाही, ठोका हलका पडलाय. विकत घेताना ही नजर तुमचे पैसे वाचवेल, आणि कधीकधी मिळवूनही देईल.

झळाळीवरून १८९८ च्या पेसोकडे येतो. फोटोत तो एखाद्या नव्या ताटासारखा चमकतोय, आणि खाचांत पांढरट पूड अडकलेली दिसते. पितांबरीने घासलाय ना? पुन्हा असं करू नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, सोड्याचं पाणी, काहीच नाही. चांदीवर वर्षानुवर्षं जमलेला राखाडी, निळसर, कधी सोनेरी थर हा संग्राहकाला मळ वाटत नाही, ती त्याची खात्री असते. घासलेल्या पृष्ठभागावर भिंगातून समांतर ओरखडे दिसतात आणि ते कधीच जात नाहीत. उरलेली चार आहेत तशीच राहू द्या. फारच चिकट असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढा, चोळू नका, हवेवर वाळू द्या. ठेवायला पीव्हीसीचे मऊ पाऊच वापरू नका, त्यांनी हिरवट चिकटा सुटतो.

आता त्या पेसोची गंमत. १८९८ साली आठ रेआल जाऊन त्याच वजनाचा, त्याच टंचाचा ‘एक पेसो’ आला. पुढे १९४९ मध्ये चीनमधल्या राष्ट्रवादी सरकारसाठी मेक्सिकोच्या टांकसाळीने १८९८ हेच साल टाकून एक कोटीहून जास्त पेसो नव्याने पाडले. चांदी खरी, टांकसाळ खरी, साल तेवढं जुनं. ओळखायची खूण कडेच्या मण्यांत आहे: मूळ नाण्यावर १३९ मणी, १९४९ च्या पुनर्मुद्रणावर १३४. मोबाइलने सरळ वरून फोटो काढा, मोठा करा, आणि दर दहा मण्यांवर ठिपका देत मोजा. तुमच्या बाबतीत हे मोजणं जास्तच रंजक आहे. १३४ निघाले तर हा पेसो पणजोबांचा नाही, ते तर १९३१ मध्येच घरी आले. मागाहून कुणीतरी पेटीत टाकलाय. पैशाच्या हिशेबाने घासलेल्या अवस्थेत दोन्हींत फारसा फरक पडणार नाही, चांदी अधिक थोडंसं. न वापरलेला, न घासलेला मूळ १८९८ असता तर गोष्ट वेगळी.

१७९५ चं नाणं मला या पाचांत सगळ्यात जास्त आवडलं, आणि सगळ्यात जास्त हळहळही त्याचीच वाटली. चौथ्या कार्लोसचं मुख, मागे एम-ओ ही मेक्सिको शहराची खूण आणि एफ.एम. ही तपासनिसांची अक्षरं; साल, राजा, अक्षरं तिन्ही एकमेकांशी जुळतात. मागच्या बाजूला ‘हिस्पान एत इंद रेक्स’ असं लॅटिन आहे. त्यातलं ‘इंद’ पाहून कुणी हे भारताचं नाणं म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न करेल. ते स्पेनच्या अमेरिकेतल्या मुलखाबद्दल आहे. नाण्याची कड भिंगाखाली बघा. तिथे एक वर्तुळ, एक चौकोन अशी नक्षी फिरते. ती दोन पट्ट्यांमध्ये नाणं फिरवून उमटवायचे, प्रत्येक पट्टी अर्धी कड करायची, म्हणून समोरासमोर दोन ठिकाणी नक्षी एकमेकींवर चढलेली किंवा तुटलेली दिसते. हा दोष दिसला की मी खूश होतो. खोट्या नाण्याची कड एकतर अतिशय सुबक असते, नाहीतर तिच्यावर साच्याची शिवण असते.

हळहळ त्या झाळणीच्या डागाची. कुणीतरी कडी लावून ते गळ्यात घातलं होतं. आपल्या बायका पुतळ्या ओवतात, तशी जगभर चांदीची नाणी ओवली गेलीत. कडी काढली तरी डाग राहतो आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमत निम्म्यावर येते, कधी त्याहून खाली. डाग घासून काढायला कुणाला देऊ नका, त्याने आणखी बिघडतं. आहे त्या स्थितीत हे नाणं १८८२ च्यापेक्षा थोडं वरच जाईल, कारण राजाच्या मुखाची नाणी हौशी गिऱ्हाइकाला जास्त आवडतात. डाग नसता तर त्याच्या दुप्पट सहज.

१९२३ च्या पेसोवर फार शब्द घालवत नाही. १९२० ते १९४५ हे एकाच साच्यातले, १६.६६ ग्रॅम, ७२ टंच, शुद्ध चांदी बारा ग्रॅम. मुबलक आहे. चांदीच्या भावात मोजा. विसाव्या शतकातल्या मेक्सिकन पेसोची कथा चांदी उतरत जाण्याची आहे: १९१८ मध्ये ८० टंच, दोन वर्षांत ७२, १९४७ मध्ये ५०, १९५० मध्ये ३० आणि १९५७ नंतर १०. शेवटचा तो सोळा ग्रॅमचा पेसो हाताला भरभक्कम लागतो आणि त्यात चांदी फक्त १.६ ग्रॅम. जुन्या बाजारात ‘मेक्सिकन सिल्व्हर’ म्हणून तो पूर्ण चांदीच्या भावात विकणारे भेटतात, सावध राहा. मात्र याच काळातली मोठी नाणी चांदीसाठी घ्यायला छान आहेत. १९४७-४८ चे अझ्टेक सम्राट कुआउतेमोकचं मुख असलेले पाच पेसो तीस ग्रॅमचे, ९० टंचाचे. १९६८ च्या ऑलिंपिकचे पंचवीस पेसो साडेबावीस ग्रॅमचे, ७२ टंचाचे. १९७७ ते ७९ चे स्वातंत्र्ययोद्धा मोरेलोसचे शंभर पेसो, त्यात बरोबर वीस ग्रॅम चांदी.

पाचवं नाणं. राजाच्या नावापुढे तीन उभ्या रेघा, म्हणजे तिसरा कार्लोस, आणि साल १७९९. तिसरा कार्लोस डिसेंबर १७८८ मध्ये वारला. नवा साचा येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं त्याचंच मुख वापरलं गेलं हे खरं, पण अकरा वर्षं नाही. मेक्सिको शहराच्या टांकसाळीतून असं नाणं बाहेर पडणं शक्य नाही. त्यात वजन साडेचार ग्रॅम कमी. झिजून इतकं वजन गेलं असतं तर मुख ओळखू आलं नसतं, तुमच्या फोटोत तर केसांच्या बटाही दिसतात.

तरी फेकून द्यायच्या आधी घरी एक परीक्षा करा. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं सोडा, तळाला किंवा बाजूंना न टेकता. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ९० टंचाच्या चांदीला उत्तर १०.३ च्या आसपास येतं, ७२ टंचाला १०. उत्तर नऊच्या आत आलं तर ती पितळ किंवा निकेल-तांब्याची भेसळ. तुमच्या १७९५ च्या, २६.४ ग्रॅमच्या नाण्याला काट्याने साधारण २.५६ दाखवायला हवं. चुंबकही लावून बघा, पण चिकटलं नाही म्हणून चांदी असं समजू नका; पितळही चिकटत नाही. सोनाराकडे टंच मोजायचं यंत्र असेल तर जरूर लावा, पण ते वरचा थरच वाचतं, मुलाम्याला फसतं. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका आणि कानस तर अजिबात लावू देऊ नका. मी चांगल्या नाण्यांच्या कडेला कानशीचे व्रण पाहिलेत. दोन मिनिटांच्या खातरजमेसाठी नाण्याचा जन्म वाया.

उत्तर नऊच्या आत आलं तरी एक शक्यता उरते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातच अशी नाणी खोटी पाडली जात होती, तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून, मुद्दाम चीनच्या व्यापारात खपवायला. त्या जुन्या खोट्यांनाही आता गिऱ्हाईक आहे. उंच भागावर झिजून आतलं लालसर तांबं दिसत असेल, झीज सगळीकडे सारखी असेल, तर जुनं खोटं. पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत, अक्षरांच्या कडा बोथट, मध्ये बारीक छिद्रं असतील तर अलीकडचं ओतीव. त्याची किंमत शून्य. फोटोवरून माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. छिद्रांबद्दल एक गोष्ट: समुद्रातून निघालेल्या खऱ्या नाण्यांवरही खड्डे असतात. १७८४ साली बुडालेलं ‘एल कासादोर’ हे स्पॅनिश जहाज १९९३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात एका मासेमारी बोटीच्या जाळ्याला लागलं आणि त्यातून १७८३ ची मेक्सिको शहराची नाणी ढिगाने वर आली. ती प्रमाणपत्रासकट विकली जातात. प्रमाणपत्र नसेल तर तेच नाणं नुसतं खाऱ्या पाण्याने खाल्लेलं नाणं ठरतं.

पुढे काय जमवावं? सालं जमवायच्या मागे लागू नका. त्यात पैसे संपतात आणि पेटीत एकसारखी चाळीस नाणी जमतात. प्रकार जमवा. राजाच्या मुखाचं एक तुमच्याकडे आहे, टोपी-किरणांचं आहे. तिसरं घ्यायचं तर १८०८ ते १८११ मधलं सातव्या फेर्नांदोचं घ्या. स्पेनमध्ये नेपोलियनची फौज, नवा राजा कैदेत, त्याचं चित्र मेक्सिकोत पोचलेलं नाही. कारागिरांनी चिलखतातला एक काल्पनिक राजा कोरून काढला, आणि खऱ्या फेर्नांदोशी त्याचा काही संबंध नाही. मग १८६६-६७ चा सम्राट माक्सिमिलियानोचा पेसो. आणि १९१० ते १९१४ चा ‘काबायितो’: घोड्यावर स्वार झालेली स्वातंत्र्यदेवता, फ्रेंच कलाकार शार्ल पिये यांचं काम. माझ्या मते मेक्सिकोने पाडलेलं सगळ्यात देखणं नाणं हेच. १९१४ चं साल अवघड आहे, बाकीची मिळतात, पण चांगल्या स्थितीत चांदीच्या कितीतरी पट द्यावे लागतात.

सगळ्यांना हवा असतो तो १७३२ ते १७७१ मधला खांबांचा डॉलर, म्हणजे त्या काळचं आठ रेआल, समुद्राच्या लाटांवर दोन गोलार्ध आणि बाजूला हर्क्युलीसचे खांब. यंत्रावर पाडलेलं अमेरिका खंडातलं हे पहिलं चांदीचं नाणं. बऱ्यापैकी स्थितीतलं परदेशी लिलावात काहीशे अमेरिकी डॉलरला जातं, आणि म्हणूनच याची खोटीही पुष्कळ फिरतात. याच्या कडेला वर्तुळ-चौकोन नसतात, पानांची वेल असते. पहिलं विकत घ्याल ते एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी पारखणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या सीलबंद डबीतलंच घ्या.

या ओळीत मुंबईचंही एक नाणं बसतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्वेकडच्या बाजारात मेक्सिकन डॉलर, म्हणजे हेच गरुडाचं नाणं, पुरेनासा झाला तेव्हा इंग्रजांनी हाँगकाँग आणि मलायाच्या वसाहतींसाठी स्वतःचा ब्रिटिश डॉलर काढला. १८९५ पासून तो आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पडला. त्रिशूळ घेऊन उभी ब्रिटानिया. त्या त्रिशुळाच्या मधल्या टोकात बारीक बी दिसलं की नाणं मुंबईचं. पणजोबांनी बंदरावर हा आणि गरुडाचा, दोन्ही हाताळले असणार. भारतात तो मेक्सिकनपेक्षा सहज मिळतो.

विक्रीबद्दल शेवटचं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येतं, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे परदेशी लिलावातले आकडे पाहून पाकीट पोस्टात टाकायचं नाही. बाहेरून मागवताना कस्टम्सचे दर आणि चांदीच्या आयातीचे नियम त्या वेळचे विचारून घ्या, ते बदलत राहतात. भारतात मेक्सिकन नाण्यांचे खरे जाणकार थोडे आहेत. मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथे तीन टेबलांवर भाव विचारा. तुमचा तळाचा आकडा आधी खिशात लिहून ठेवा, पण स्वतःहून सांगू नका. १९२३ चा पेसो चांदीच्या भावात गेला तरी हरकत नाही. १८८२ आणि १७९५ ची मी तुमच्या जागी असतो तर ठेवली असती.

मणी मोजून आणि पाण्यातलं वजन करून आकडे पाठवा. १७९५ च्या नाण्याची कड चारही बाजूंनी जवळून टिपलेली मिळाली तर ते खरं आहे का, तेही नक्की सांगता येईल.